पदराआडची मूठ

अंजूर, ता. भिवंडी
२४ मार्च २०२५

ती. सुकन्याताईस,
धाकट्या पारूचा शि. सा. न.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. चौथ्या किमोनंतर तोंडभर फोड आलेत, चार वाक्यं बोलले की जीभ सोलून निघते. शिवाय फोन आता गुणाच्या हातात असतो, माझी तब्येत जगाला तीच सांगते. म्हणून पत्र. बोर्डिंगात सिस्टर बेनेडिक्टा दर गुरुवारी आपल्याकडून घरी पत्र लिहून घ्यायच्या, तशीच समास सोडून बसलेय.

माझ्या धाकट्या जावेविषयी वाईट लिहिणार आहे, तयार राहा. गुणा पहाटे उठून माझं पाणी उकळते, गोळ्या देते, उलटीची बादली धुते. कुरकुर म्हणून नाही, आणि तेच सहन होत नाही. सुक्या मासळीच्या वासानं मला मळमळतं, तर तिनं चूल मागच्या पडवीत हलवली. आता सगळे तिकडेच जेवतात आणि मी आत पेज पीत त्यांचं हसणं ऐकते. माझ्या नातीच्या, उन्नतीच्या वेण्याही तीच घालते. तिची स्वतःची वेणी अजून कमरेखाली, आणि माझ्या उशीवर सापडायलासुद्धा केस उरले नाहीत. परवा बोंबलाचं कालवण खाऊन हे म्हणाले, की अगदी तुझ्या हातासारखं झालंय. बिघडलंय म्हणाले असते तर मला दोन घास जास्त गेले असते.

आता वर्षाच्या मसाल्याचं आलंय. मिरच्या गच्चीवर वाळतायत. सासूबाई शेवटची मूठ पदराआडून घालायच्या. ती कसली, ते त्यांनी फक्त मला, थोरल्या सुनेला सांगितलं. त्या गेल्यापासून वीस वर्षं मीही तशीच घालते. यंदा डॉक्टरांनी मिरचीच्या खकाण्याजवळ जायची बंदी केलीय, आणि ह्यांचं म्हणणं, प्रमाण गुणाला लिहून दे.

हे पत्र टपालात टाकायलाही तीच जाणार, म्हणून पाकिटाला डिंक दोनदा लावलाय.

आहे तो लोभ या बोडक्या डोक्यासकट राहू दे.
तुझी,
पारू

---

नाशिक
२ एप्रिल २०२५

चि. सौ. पारूस,
अ. उ. आ.

नाताळच्या नाटकात तुला मेंढी केलं आणि लिलियनला देवदूत, तेव्हा तू तिच्या पंखांची पिसं उपटून गादीखाली लपवली होतीस. अठ्ठावन्न वर्षांची झालीस, गादीखाली पिसं अजून आहेतच.

फोडांसाठी पेज पूर्ण गार करून घे. माझ्या वेळी मी बर्फाचा खडा तोंडात धरायचे, तू डॉक्टरांना विचारून बघ. काळूरामरावांच्या कौतुकाकडे लक्ष देऊ नकोस. माणूस भुकेला होता, त्याला आशा होती की तुला बरं वाटेल. पुरुषांना कुठे काय बोलावं ते कळत असतं तर आपण दोघी एवढी पत्रं कशाला लिहिली असती?

गुणाला प्रमाण लिहून दे. सगळं. तुला ओळखते म्हणून ‘सगळं’च्या खाली रेघ मारलीय.

औषधं वेळेवर घेतेस या भरवशावर,
तुझी ताई

---

अंजूर
२० एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझी रेघ एक दिवस उशिरा पोचली.

आठवतं, कॅथलिक मुली शनिवारी कन्फेशनला रांगेत उभ्या राहायच्या, आणि आपण जिन्यात बसून कुणाचं पाप केवढं याचे अंदाज करायचो? आज मी रांगेत आहे. गुणाला मी कागद लिहून दिला. बेडगी किती, शंकेश्वरी किती, धणे, दगडफूल, जायपत्री, सगळं बोर्डिंगच्या वळणदार अक्षरात. फक्त नागकेशर लिहिलं नाही. पदराआडची मूठ त्याची. तिनं उभ्यानं कागद वाचला, माझ्याकडे जरा बघितलं आणि घडी घालून बटव्यात ठेवला.

ती रिक्षानं भिवंडीला डंकावर गेली, दुपारी मसाला कुटून आली, नाक-डोळे लाल. त्या मसाल्याचं पहिलं कालवण झालं तेव्हा मी कान देऊन पडले होते. हे दुसऱ्या घासाला थांबले आणि म्हणाले, यंदा काहीतरी राहिलंय. अनंताभावोजी, गुणाचा नवरा, तेही म्हणाले की मोठ्या वहिनीची सर नाही. गुणा एवढंच बोलली, की यंदा मिरचीच बरी न्हाय. ताई, मी अख्खी वाटी पेज संपवली.

संध्याकाळी ती फोडांना औषध लावायला आली. बोटं मसाल्यानं भगभगत होती, म्हणून तीनदा साबणानं धुतली, ताकात बुडवली, पुन्हा धुतली, आणि मगच माझ्या तोंडाला लावली. मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, दुखतंय.

रागावलीस तरी पत्र टाकत राहा.
पारू

---

नाशिक
२८ एप्रिल २०२५

चि. सौ. पारूस,
अ. उ. आ.

सहा वर्षांपूर्वी माझी किमो चालू होती तेव्हा तुला कळवायचे, की सगळं छान आहे. डबेवाली डबा दाराच्या कडीला लावून जायची. तोंडातलं औषध मी आरशात बघून लावायचे. बाजारच्या मसाल्याचं पाकीट तेव्हा पहिल्यांदा घरात आलं, आणि चव लागत नव्हती हे बरंच झालं.

रागावले नाहीये. तुझं पत्र वाचून मला तुझा हेवा वाटला, इतका की तांदूळ निवडायचे राहिले. माझ्या घरात मत्सर करावा असं माणूसच नव्हतं.

तिला सांगून टाक. उद्या शेवटची किमो ना? झाली की दोन शब्द कळव.

अनेक आशीर्वाद, या खेपेला थोडे जास्त.
ताई

---

अंजूर
९ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

फोड गेले, डोक्यावर कैरीच्या कोयीसारखी लव आलीय. आता स्कॅन पुढच्या महिन्यात. त्याची भीती वाटते, ती वेगळ्या पत्रात.

तू सांगून टाक म्हणालीस. रोज ठरवायचे आणि रोज गोळीबरोबर गिळायचे. रविवारी मात्र पहिल्यांदा पडवीत सगळ्यांच्या पंगतीला बसले. गुणानं कोलंबीचं कालवण केलं होतं, माझ्यासाठी पातळ. आधी मीठ कळलं, मग चिंच. आणि मग स्पष्ट कळलं, की यात नागकेशर नाही. तीन महिने मेलेली जीभ जागी झाली आणि तिनं नेमकी ओळखली ती मीच चोरलेली मूठ. मला रडू फुटलं. तिखट लागलं समजून उन्नती साखर घेऊन धावली.

सगळे उठल्यावर मी गुणाला सांगितलं. ती उठून मसाल्याची बरणी घेऊन आली. फडक्याखाली, अगदी वर, पुडी होती. नागकेशर. ज्या दिवशी मसाला कुटला त्याच दिवशी आणलेलं. म्हणाली, सव्वीस वर्षं तुमच्या बाजूला बसून मिरचीची देठं खुडली, मला वास येत न्हाय का? मग घातलं का नाहीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ती मूठ मोठीची हाय. मोठी हाय तवर माझा हात तिथं जायाचा न्हाय.

घरच्यांची बोलणी तिनं दीड महिना खाल्ली, माझी जागा राखून.

खलबत्त्यात कुटलं. मी मूठ भरली, तशी तिनं इतक्या वर्षांच्या सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. मी तिला वळवलं, तिचा हात धरला आणि दोघींच्या मुठीनं घातलं. तिच्या वेणीचा हेवा अजून आहेच. आता तिच्या मनाचाही वाटायला लागलाय, आणि त्याला वीस-वीस दिवसांनी सलाइन लावून उपाय नाही.

किलोभर मसाला बांधून ठेवलाय, पण टपालानं पाठवणार नाही. गुणानं पडवीत एक पाट जास्तीचा मांडलाय. ये, आणि इथे बसून पोटभर मत्सर कर.

वाट बघणारी,
पारू