पूर्वेचा दरवाजा

प्रिय छोट्या,

तू आता खेळ निवडणाऱ्या समितीतला मोठा माणूस, तुला छोट्या म्हटलेलं चालतं की नाही कोण जाणे. पण दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. आई बरी आहे. तिचा गुडघा दुखतो आणि तुझा फोन आला की तेवढ्यापुरता थांबतो. टीव्हीवर तुझी मुलाखत लागली तेव्हा तिने शेजारच्या काकूंनाही बोलावून घेतलं होतं. मी चहा गाळत होते. 'तटबंदी' हा गेम यंदाच्या कॉम्प्युटर गेमांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळला, हे मला तुझ्याच तोंडून कळलं, पण टीव्हीतून. काकू म्हणाल्या, "अगं, हाच ना तुझा खेळ?" आमचा संघ निवडून झाला होता आणि त्याची कप्तान कोण, हे तुला ठाऊक होतं. एक फोन तरी करायचास.

खेळ येतात-जातात, हे मला नवीन नाही. पहिल्या वर्षी तुमच्या स्पर्धेत नुसता फुटबॉलचा गेम होता, कारण खुर्च्यांवरच्या आजोबांना तेवढाच कळायचा. मग तरुण प्रेक्षक हवेत म्हणून बंदुकांचे गेम आले आणि रक्त दिसतं म्हणून पुढच्या खेपेला गेले. डोकं लावायचाही एखादा हवा, म्हणून आमची तटबंदी आली. आपापलं गाव वसवायचं, धान्य-दगड जमवायचे, चार दरवाज्यांची भिंत उभारायची आणि समोरच्याची फोडायची. आता म्हणे मोबाइलवर चालतील तेच खेळ, कारण चांगला कॉम्प्युटर सगळ्याच देशांतल्या पोरांना परवडत नाही. आणि डाव झटपट संपला पाहिजे, कारण जाहिरातदारांना धीर नाही. यातलं पहिलं कारण मला पटतं. दुसरं पटत नाही, पण समजतं. अंगाचा तिळपापड झाला तो तुझ्या तिसऱ्या कारणाने.

तू म्हणालास, "मी हा गेम लहानपणापासून खेळलोय. पूर्वेच्या दरवाज्यावर जो आधी चालून जातो तो जिंकतो. बघण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही." समितीत तो खेळलेला तू एकटाच. वासरांत लंगडी गाय शहाणी! बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बाबांचं दुरुस्तीचं दुकान आठवतं ना? मागच्या खोलीत गिऱ्हाइकांचे दुरुस्त झालेले कॉम्प्युटर असायचे आणि "नीट चालतात का बघा रे" म्हणून बाबा आपल्याला त्यांच्यावर खेळायला बसवायचे. हरलास की तू वायर उपटायचास आणि जेवायला यायचा नाहीस. एकदा त्यापायी गिऱ्हाइकाचं मशीन पुन्हा बिघडलं. तेव्हा बाबांनी मला बाजूला घेतलं. "लहान आहे गं तो. त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवत जा." त्यानंतर तुझ्याशी खेळताना पूर्वेचा दरवाजा मी कधीच लावला नाही. तू कॉलेजात गेलास, सुट्टीला यायचास, जिंकायचास, आईला ओरडून सांगायचास. मला वाटायचं, एव्हाना कळलं असेल तुला, तरी लाडाने खेळतोयस. पण बाहेर कुठल्या स्पर्धेत तू कधी उतरलाच नाहीस. ताईला हरवलं की झालं.

छोट्या, बाहेर पूर्वेकडून चालून जाणाऱ्याची सेना दारातच गारद होते. शाळेतली पोरंसुद्धा तो दरवाजा आधी बंद करतात. जगभरच्या खेळाडूंचा खेळ तू आपल्या घरातल्या लाडावरून मोजलास. माझ्या संघातल्या पोरी आपापल्या घरी गेल्या. एकीने सरावासाठी नोकरी सोडली होती, ती आता जुन्या साहेबाच्या दारात उभी आहे. मला तुझा राग येतो. बाबा आता नाहीत, तरी त्यांचाही येतो.

आणि काल तू आईकडे निरोप ठेवलास. उद्घाटनाला तटबंदीचा शेवटचा डाव ठेवलाय, भावा-बहिणीचा, मोठ्या पडद्यावर. "ताईला म्हणावं, लहानपणीसारखं खेळू, मजा येईल." आई म्हणते, नाही म्हणू नकोस, एवढ्या हौसेने बोलावतोय. त्याचंच उत्तर म्हणून हे पत्र. मी येते. तुझ्या समितीला पहिल्या रांगेत बसव आणि तू नेहमीसारखाच पूर्वेकडून ये. आईला मात्र बोलावू नकोस. तिला अजून वाटतं, तू खरंच जिंकायचास.

तुझीच,
ताई