राजे उठेपर्यंत

आबा, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी राग गेलेला नाही. परवाच्या रविवारी तो इतका उसळला की आज कागद पुढं ओढून बसले आहे.

साताऱ्यात आपल्या मंडळाची तालीम होती. जुन्या काळचा दरबार हुबेहूब उभा करणारं तेच मंडळ. आता तुमच्या जागी मी नव्या माणसांना दरबारी रीत शिकवते. मुजरा कसा घालायचा, नजर कुठं ठेवायची, राजांना पाठ न दाखवता मागं कसं सरकायचं. सगळं तुमच्याकडूनच आलेलं. पलटणीत साहेबांच्या मेसमध्ये नोकरी काढलेले तुम्ही घरी स्वयंपाकघरात उलट्या पावलांनी चालून दाखवायचा आणि आई ओरडायची, "आवं, चुलीवर बसाल एखाद्या दिवशी!" तुम्ही हसायचा. ते हसू आठवलं की राग मऊ पडतो, म्हणून मी ते फारसं आठवत नाही.

तर परवा सेक्रेटरी उठले आणि तुमची गोष्ट सांगायला लागले. दर वर्षी सांगतात. "इस्लामपूरच्या कार्यक्रमात आमच्या चोपदारांच्या छातीत कळ आली, पण गडी जागचा हलला नाही. निष्ठा म्हणतात ती ही!" नव्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मी होते ना तिथं. चैत्रातली दुपार आहे, मांडव फक्त सिंहासनावर. राजे झालाय ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक. दरबार संपलाय, तरी पाहुण्यांसोबत फोटो काढून घेत तो बसूनच आहे. तुम्ही त्याच्या उजव्या हाताला, उन्हात, काठी धरून. अंगरखा पाठीला चिकटलाय, ओठ पांढरे पडलेत. दासीच्या वेशात मी तुमच्याजवळ सरकते. "आबा, बसा की. नाटकच हाय ह्ये."

"गप उभी ऱ्हा. राजं उठल्याबिगर न्हाई."

मी राजांपाशी जाऊन सांगते, तर तो कॅमेऱ्याकडं बघतच म्हणतो, "दोन मिनिटं, ताई." ती दोन मिनिटं सरायच्या आत तुम्ही मातीत कोसळता. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कुणासाठी, आबा? त्यानं तर पगडीसुद्धा भाड्यानं आणली होती. खऱ्या साहेबांपुढं उभे राहिलात ते पोटासाठी, ते मला कळतं. पण ह्याच्यापुढं? आई आणि मी, दोघी तुमच्या असताना, ह्याच्यापुढं?

परवा टाळ्या थांबायच्या आत मी बोलले. "ती निष्ठा नव्हती. माझे वडील होते ते, आणि उठायला राजाला सवड नव्हती. आजपासून पहिली रीत ही: सेवकाला बरं वाटेना तर त्यानं बसायचं आणि राजानं उठायचं."

"आवं ताई, मग दरबार कसला उरला?" सेक्रेटरी म्हणाले.

"नाही उरला तर नाही."

यंदाचे राजे बँकेत कारकून आहेत, अबोल माणूस. ते सिंहासनावरून उतरले, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आणली आणि चवरी ढाळणाऱ्या मावशींच्या मागं ठेवली. मावशी साठीच्या, सकाळपासून उभ्या. त्यांनी राजांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "बसू व्हय?" आणि बसल्या.

घरी येताना वाटलं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. तुम्हाला हे धाडायचं नाहीच, तेव्हा लिहूनच टाकते. त्या दिवशी सकाळी उंबऱ्यात चपला घालताना तुम्ही म्हणाला होता, "डावा हात जड पडलाय गं. आईला सांगू नगंस, जाऊ द्यायची न्हाई ती." मी सांगितलं नाही. मला तुम्हाला त्या पोशाखात बघायचं होतं. आई अजून मधूनच विचारते, "निघताना बरे हुते न्हवं?" मी व्हय म्हणते.