नववी पायरी

प्रिय पेन्सिल,

मी पायऱ्यांमध्ये कधी ‘कृपया’ लिहीत नाही. ‘बटण दाबा’, ‘थांबा’, ‘यंत्र बंद करा’, एवढंच. वाचणारा आधीच अडलेला असतो, त्याला आर्जवं वाचायला वेळ नसतो, हे तुला मीच शिकवलं होतं. त्यामुळे काल सकाळी मासिकाच्या वेबसाइटवर माझ्याच लेखात, माझ्याच नावाखाली, नवव्या पायरीवर ‘कृपया’ दिसलं तेव्हा ते कोणी घातलं हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. तो शब्द तुझा आहे. त्या पायरीतले बाकीचे शब्दही तुझेच आहेत. वरची तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीची, माझी. तू ती बदलली नाहीस. सोयीची होती ना!

तुला फोन करणार होते. पण फोनवर तू ‘बाई, ऐका तरी’ म्हणतोस आणि मी ऐकत बसते, हा बावीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून कागदावर लिहितेय. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

परवा मला एका बाईचा फोन आला. लहान मुलांचे कान तपासणाऱ्या एका केंद्रात ती तंत्रज्ञ आहे. लिफ्टशेजारची खिडकी नसलेली खोली, टेबलावर एक सर्व्हर आणि सगळ्या इमारतीसाठी ती एकटी. प्रिंटर अडला तरी तिलाच हाक, दारावरची घंटा वाजेनाशी झाली तरी तिलाच. त्या एका सर्व्हरच्या पोटात तिने तीन आभासी यंत्रं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले कॉम्प्युटर, चालवली होती आणि त्यातल्या एकात मुलांचे आलेख होते. दर सहा महिन्यांनी मूल येतं, तपासणी होते, एक रेघ उमटते. नवी रेघ जुन्या रेघेवर ठेवली की कळतं, ऐकू येणं टिकून आहे की घसरतंय. कळलं तर वेळेत काही करता येतं.

चौदा महिन्यांपूर्वी तिने त्या यंत्राचा स्नॅपशॉट घेतला. तुझ्या माझ्यासाठी हे रोजचं आहे, पण हे पत्र उद्या आणखी कोणी वाचलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहिते. स्नॅपशॉट म्हणजे यंत्र त्या क्षणी जसं होतं तशी करून ठेवलेली खूण. पुढे काही बिघडलं तर त्या खुणेवर परत जाता येतं. मात्र परत गेलं की खुणेनंतर केलेलं सगळं काम पुसलं जातं. तिचं काही बिघडलं नव्हतं. फक्त डिस्क भरत आली होती आणि जुना स्नॅपशॉट काढून जागा करायची होती. तिने शोधलं, माझा लेख सापडला. एकेका ओळीवर बोट ठेवून तिने पायऱ्या केल्या. नववी केली आणि चौदा महिन्यांच्या रेघा गेल्या.

बॅकअपची डिस्क त्याआधीच बंद पडलेली. नवी मिळावी म्हणून तिने दोनदा लेखी अर्ज दिले होते. ते अर्ज आता तिथे कोणालाच आठवत नाहीत. मुलांना पुन्हा बोलावतायत म्हणे. बोलवा की! पण मागच्या वर्षीचा कान आज कसा तपासणार?

तिने मासिकाला पत्र लिहिलं, तुमच्या नवव्या पायरीने माझं असं झालं म्हणून. चौथ्या दिवशी उत्तर आलं. ते तिने मला फोनवर वाचून दाखवलं. ‘आमच्या लेखात अशी कोणतीही सूचना नाही. कृपया लेख पुन्हा नीट वाचावा.’ तिने पुन्हा वाचला. खरंच तशी सूचना नव्हती. उलट, असं करू नका, असं लिहिलं होतं. मग ते पान केंद्राने नेमलेल्या चौकशी समितीसमोर उघडलं गेलं आणि तिथला व्यवस्थापक म्हणाला, “बाईंना वाचता येत नाही की खरं बोलता येत नाही, एवढंच आता ठरवायचंय.” येत्या गुरुवारी ते ठरणार आहे. सतरा वर्षं नोकरी केलेली बाई मला विचारत होती, “मॅडम, तुम्ही तरी सांगा, मला भ्रम झाला का हो?”

‘नीट वाचावा.’ पेन्सिल, हे लिहिताना तुझा हात अडखळला नाही?

मला आपलं जुनं कार्यालय आठवतंय. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरचा दुसरा मजला, खालून दिवसभर कानशीचा आवाज. सहा टेबलं आणि एक खिडकी, ती पण संपादकांनी बळकावलेली. तू पहिल्या दिवशी आलास तेव्हा एक पेन्सिल कानावर, दुसरी हातात, आणि तिसरी शोधत होतास. नाव तिथेच पडलं. तुझा पहिला लेख डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशनवर होता. टेबलावर नुसता पडदा आणि एक डबी, खरे डेस्कटॉप सगळे आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर. ‘एका घरात चाळीस भाडेकरू, प्रत्येकाची चूल वेगळी’, ही तुझी ओळ मी जशीच्या तशी ठेवली होती, कारण मला तुझा हेवा वाटला होता. पण एका भाडेकरूला मेमरी किती लागते, तो आकडा तू निम्मा लिहिलास. एका कॉलेजने तसा सर्व्हर उभारला आणि परीक्षेच्या दिवशी चाळीसच्या चाळीस पडदे गोठले.

तेव्हा तू मला काय म्हणाला होतास? “बाई, पुढच्या वेळी छापताना आकडा नीट करू. कोणाला कळणारे?” मी तुला खुर्चीत बसवलं आणि तुझ्या नावानिशी तीन ओळी लिहून घेतल्या. काय चुकलं, कोणाचं चुकलं, बरोबर काय. त्या छापून आल्या त्या दिवशी तू जिन्यात उभा राहून रडलास आणि मी शेजारी उभी राहिले. समजूत घालायला मला कधीच जमलं नाही. महिन्याभराने त्या कॉलेजच्या शिक्षकांचं पत्र आलं. चुकलं असं सरळ सांगितल्याबद्दल आभार; विद्यार्थी आमच्यावर उखडले होते, तुमच्या तीन ओळी सूचनाफलकावर लावल्या. ते पत्र तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंस. मासिक वेबसाइटवर गेलं, कार्यालय बदललं, तू संपादक झालास. कपाट तेच आहे ना रे?

आता माझ्याकडचं सांगते. तुला माहीत आहे, मी वेबसाइटवरच्या प्रत्येक लेखासाठी एक वेगळं आभासी यंत्र करते, त्यात सगळ्या पायऱ्या स्वतः करून बघते, मग त्याच्याच आत बसून लेख लिहिते. हाताने केल्याशिवाय पायरी लिहायची नाही, हा माझा नियम. नंतर ह्यांना खुर्चीत बसवते आणि कागद हातात देते. हे माझे पहिले अडाणी वाचक. जन्म नकाशे काढण्यात गेला, कॉम्प्युटरशी वैर. पहिल्यांदा सगळं समजावलं तेव्हा म्हणाले, “म्हणजे खरं यंत्र एकच, आणि आतली चारही स्वतःला मालक समजतात. तुझ्या माहेरासारखंच की!” ह्यांना जमलं म्हणजे लेख पुढे जायला मोकळा. लेख गेला की ते यंत्र होतं त्या अवस्थेत थांबवून ठेवते. अशी एकतीस यंत्रं माझ्या टेबलाखाली झोपलेली आहेत.

काल ते बदललेलं पान बघितल्यावर मी त्यातलं त्या लेखाचं यंत्र जागं केलं. तू काय काय बदललंस ते ओळीओळीने दाखवायचं आणि तुला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच बसले होते. लेख उघडला. नववी पायरी माझ्या शब्दांत, ‘कृपया’विना: ‘सगळं सुरळीत असल्याची खात्री झाली की स्नॅपशॉटवर परत या आणि मग तो काढून टाका.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. परत या. तिथे ‘परत या’ नकोच होतं. नुसता काढून टाकला तर आजचं काम जिथल्या तिथे राहतं. परत गेलं तर खुणेनंतरचं सगळं जातं, आणि मग खूणही काढून टाकली की उलट यायची वाटच बंद. हे मी आधीच्या तीन लेखांत लिहिलेलं आहे, झोपेतही सांगेन. तरी इथे चुकीचं लिहिलं, आणि हाताने करून बघून लिहिलं! कारण ते यंत्र मी त्याच सकाळी केलं होतं. त्यात कोणी काही काम केलेलंच नव्हतं. खुणेवर परत गेले तेव्हा सगळं तसंच दिसलं, कारण गमवायला काही नव्हतं. ह्यांनीही पायरी केली आणि “झालं की!” म्हणाले. रिकाम्या यंत्रावर कुठलीही पायरी बरोबरच ठरते. सत्तावीस वर्षं लेख वेळेवर देणारी मी, मला हे आता कळलं, आणि तेही चौदा महिन्यांच्या रेघा पुसल्यावर.

तर चूक माझी. तुला ती तिच्या पत्राने कळली, त्याच दिवशी तू पायरी बदललीस, आणि नंतर तिला नीट वाचायला सांगितलंस. ती खरं सांगतेय हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं आणि त्यानेच तिला खोटं पाडलं. का, तेही मला कळलं. माझ्या एकतीस लेखांचं पुस्तक तू काढतोयस. प्रस्तावनेचा कच्चा खर्डा तू मला मागच्या महिन्यात पाठवलास, त्यात पहिलंच वाक्य आहे: ‘बाईंची पायरी कधी चुकली नाही.’ ते वाचून मी दोन दिवस मिरवले होते. आता तेच वाक्य डोळ्यांत कुसळासारखं सलतंय. तुला ते वाक्य खरं ठेवायचं होतं. मला सांभाळायचं होतं. मला सांभाळायला मी काय काचेची आहे? आणि माझ्या अंगावरचा डाग झटकताना तो कोणाच्या अंगावर जातोय, हे बघायला तुला वळूनही बघावंसं वाटलं नाही? मी तुला एवढंच एक काम मन लावून शिकवलं होतं, पेन्सिल. बाकी सगळं तू माझ्याशिवायही शिकला असतास.

काल मी तिला फोन करून सांगितलं की चूक माझी होती. मला वाटलं होतं, ती चिडेल, निदान रडेल. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे मी नीट वाचलं होतं.” हे पत्र मी त्या वाक्यासाठी लिहितेय. मूळ पान आणि माझ्या सहीचं निवेदन आज समितीकडे गेलंय. गुरुवारी अकरा वाजता मी स्वतः तिच्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहे. पण पान कोणी आणि कधी बदललं, हे मला सांगायला लावू नकोस. ते तू सांग. त्याआधी वेबसाइटवर, नवव्या पायरीच्या अगदी खाली, दुरुस्ती येऊ दे, आजच्या तारखेची. पुस्तक तोवर थांबेल, आणि निघालंच तर त्या पहिल्या वाक्याशिवाय निघेल. सोबत एक कागद जोडलाय. त्यावर माझ्या तीन ओळी लिहिल्या आहेत: काय चुकलं, कोणाचं चुकलं, बरोबर काय. त्यांच्या खाली तुझ्या तीन ओळींची जागा सोडली आहे. त्यात ‘कृपया’ लिहू नकोस. लिहून झाल्यावर जिन्यात उभं राहावंसं वाटलं तर मला कळव, मी येईन.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
बाई