एकशे बारा फळ्या

आदिलाबाद,
१९ जानेवारी २००६

चि. ताराबाईस,
भगवंतदादाचे आशीर्वाद. नावाआधी 'सौ.' लिहायला गेलेला पेन मागं घेतला. आमी सारे बरे आहोत. तुझी वहिनी तिळाचे लाडू पाठवून राह्यली. सुधाकरराव तुमच्या बेल्याला येत आहेत, त्यांच्याजवळच हे पत्र देतो.

तामसीकडच्या तलावावर पाखरं पाहायला जी लाकडी वाट मी बांधली, तिला काय लागलं, असं कोणी विचारलं की मी सांगायचो : सागाच्या एकशे बारा फळ्या, तीन महिने आणि एका सुताराचं नख. तुझ्या देवाजीबापूंना त्यात मी कधी धरलं नाही. काल तिथं गेलो. ते गेल्यापासून पहिल्यांदाच.

यंदा पाखरं भरपूर आहेत. चक्रवाक आले आहेत. पाणकोंबड्या शेवाळावरून चालतात, पण पायाचा आवाज नाही. लोकही हळू बोलतात, त्यामुळं मला जास्तच ऐकू येते. माझे कान तुला माहीत आहेत. मायच्या ढिगातलं पिकलं टरबूज मी टिचकी मारून सांगायचो. त्याच टिचकीवर पुढं सागाचा डेपो उभा केला. माझ्या हाताखालून पोकळ फळी जात नाही, हे उद्घाटनाच्या दिवशी माइकवर सांगितलं. तू पुढंच बसली होतीस.

वळणावर एक फळी नवी आहे, बिनरंगाची. तिथं दुर्बीण घेतलेले दोन मास्तर उभे होते. एक म्हणाला, "इथंच तो राखणदार पिऊन पडला म्हणतात." दुसरा म्हणाला, "पाखरं पाहून पाहून चढली असंल." मी हातभर अंतरावर होतो.

तारा, इतका वेळ मी तुला पाखरंच दाखवत बसलो.

देवाजीबापूंनी कधी थेंब घेतला नाही, हे तुला मी काय सांगू. पंचनाम्याच्या वेळी साहेबानं मला बाजूला घेऊन विचारलं, "राव, फळी लिहू का दारू?" मी म्हणालो, "तुमाले सोपं पडंल ते लिहा." खाली पंच म्हणून पहिली सही माझी आहे. 'दारू' या एका शब्दापायी तुला त्यांच्या जागी नोकरीवर घेतलं नाही.

आणि आठ दिवस आधी ते डेपोत आले होते. चहा घेतला, मग म्हणाले, "दादा, वळणावरची फळी वेगळी वाजून राह्यली. एकदा येऊन ऐका ना."
मी म्हणालो, "जवाईबापू, तुमी पाखरं ऐका. लाकूड माझ्यावर सोडा."
सारे हसले. तेही हसले. मग तीच फळी त्यांच्या पायाखाली मोडली, आणि खालच्या गाळानं त्यांना वर येऊ दिलं नाही.

मोडकी फळी त्याच संध्याकाळी मी उचलून आणली. डेपोच्या मागच्या शेडमधे आहे, आतून नुसता भुसा. जाळायचा धीर झाला नाही. हे पत्र घेऊन हपिसात जा, फळी पाहायला त्यांना माझ्याकडं पाठव. खालची सही पंचनाम्यावरच्या सहीशी ताडून पाहू दे.

माफी मागत नाही. तेवढं तोंड नाही.

पंच क्रमांक एक,
तुझा दादा
भगवंत

ता. क. साहेबाला हेही सांग : उद्घाटनाची घाई होती, फळ्या रंगवूनच आल्या. एकशे बारांपैकी एकीवरही मी टिचकी मारली नव्हती.