लोणीखोली

३ नोव्हेंबर
नोकरीची अट आहे म्हणून ही रोजनिशी लिहिते, हौस म्हणून नव्हे. कामगार कल्याण अधिकाऱ्याने रोजची नोंद ठेवलीच पाहिजे, असे मालकांचे चिरंजीव केतनशेठ म्हणाले. ठीक. निवृत्त होऊन घरी बसण्यापेक्षा हे बरे. पनवेलला खोलीही छान मिळाली, हवेशीर. कारखान्यात बिस्किटांना, पॉपकॉर्नला लागणारे वास तयार होतात. फाटकातून शिरताच आंबा, मग व्हॅनिला, आणि टोकाच्या खोलीतून गरम लोणी. तिला सगळे लोणीखोलीच म्हणतात. तिथला जुना माणूस काळूराम, करंजा बंदरावरचा कोळी. म्हणाला, “मॅडम, डबा कशाला आणला? आमी वासावरच जगतो.” बऱ्याच दिवसांनी मोकळे हसले.

८ नोव्हेंबर
मास्क नाकाखाली ओढणाऱ्यांना झापले. मग एक मास्क हातात घेऊन पाहिला. साधे कापड! धूळ अडेल, वाफ नाही. रसायनशास्त्र शिकून चाळीस वर्षे झाली तरी एवढे कळते. चांगले मास्क आणि खोलीला हवा खेचणारा पंखा मागितला. केतनशेठ म्हणाले, मॅडम, हे लहान मुलंसुद्धा खातात, खाऊन कुणी मेलंय का? पोटात जाते ते वेगळे आणि छातीत जाते ते वेगळे, असे मी बजावले. तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता.
काळूरामची छाती शिटीसारखी वाजते. त्याची बायको जनी दारात बोंबील सुकवते, तरी तो घरी गेला की घरभर लोण्याचाच वास. ती त्याला ‘मस्कापाव’ म्हणून हाक मारते म्हणे.

१७ नोव्हेंबर
काळूराम गेला. डॉक्टरांनी दमा लिहिला. करंज्याला जाऊन आले. जनीने अंगाला हळद लावली, चोळून आंघोळ घातली, तरी वास जाईना. चिता पेटली आणि गरम लोण्याचा वास बंदरापर्यंत पसरला. तिकडे खेळणारी पोरे धावत आली. विचारत होती, पॉपकॉर्न कोण वाटतंय? जनीने पदर तोंडात कोंबला.

१९ नोव्हेंबर
त्याच्या जागी ललिताला घातले. डोंगरालगतच्या कातकरीवाडीतली, कोवळी पोर. माझा विरोध कुणी ऐकला नाही, तिनेही नाही. म्हणाली, “बाई, वीटभट्टीपेक्षा बरं हाय. वास तरी गोड.” नवरा, भरत, अजून भट्टीवरच आहे. हिला मी इथून बाहेर काढणारच.
दुपारी धावत आली. म्हणे, रिकाम्या टाकीत काळूदादा दम घेतोय. झापले तिला. स्वतः झाकण उघडले. टाकी धुतलेली, कोरडी. आतून शिटी वाजली आणि माझा पदर आत ओढला गेला.

२८ नोव्हेंबर
पंखा नाही. कारखाना तपासायला एक सरकारी साहेब आले. काय छान वास आहे, म्हणाले, आणि व्हॅनिलाची बाटली घेऊन गेले. ललिताची छाती वाजू लागली आहे. तोच सूर. सुट्टी घे म्हटले तर नको म्हणते, जागा जाईल.
रिक्षात शेजारच्या बाईने मला विचारले, ताई, पिशवीत खारी आहे का? पिशवी रिकामी होती.

५ डिसेंबर
मला आता वास येत नाही. कशाचाच. जिना चढवत नाही — डॉक्टर म्हणाले, वय. लोणीखोलीत ललिता श्वास घेते, मी घेते, टाकी घेते. एकदम. मी रोखून धरला तर टाकीही थांबते. आणि ललिता —

९ डिसेंबर
हाताला धरून तिला फाटकापर्यंत नेले. तिथे तिला श्वासच येईना. ओठ निळे. खोलीत आणले की येतो. म्हणून आणले. मीच आणले परत.

१२ डिसेंबर
भरतच्या हाती दिले: ललिता, चादरीत. तिच्या चपला. तो विचारत राहिला, बाई, अंग तं गरम हाय, मग दम कुठं गेला हिचा? टाकीत आता दोन शिट्या —
केतनशेठना दिले: राजीनामा, किल्ली. निघाले. फाटकापाशी — नाही. परत आले. इथे श्वास येतो. थोडा.
नवी मुलगी दारात उभी. समृद्धी. तिच्या हाती दिला: एक मास्क, धुतलेला. ‘पळ’ म्हणायचे आहे. तेवढा दम —