बनूचं कुरूप आणि माझं कार्ड

आष्टा, ता. ७ मार्च १९४६

ती. आप्पासो दाजींस,

तुमच्या मेव्हण्याचा, आकारामचा, दंडवत पोचावा. रंगूआक्काची कंबर आता कशी आहे? मेढ्याचे चढउतार तिला सोसत नाहीत, तरी पाण्याला तीच जात असणार. (तुम्ही एक कळशी आणलीत तर काही बिघडत नाही, लहान तोंडी मोठा घास घेतो.) इकडं सगळे खुशाल. सोमवारपर्यंत नव्हतो, तेच सांगायला बसलोय.

मलकापूरच्या नाथाजींचा जोतीराम पलटणीतून रजेवर आलाय आणि ते बनूला बघायला यायचे होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नेमकं तेव्हाच बनूच्या पायाच्या करंगळीला कुरूप झालं. (चप्पल पुढनं चिंचोळी. तिला आवडली म्हणून मीच घेतली.) आमच्या मंडळींनी कुणाचं न ऐकता त्यावर बिब्ब्याचा चटका दिला, आणि पाय टम्म सुजला. आता बघायला आलेली माणसं मुलीला चालायला लावणार, ती लंगडणार, आणि गावभर लंगडी म्हणून बोभाटा होणार. एवढं चांगलं स्थळ हातचं जाणार म्हणून माझं अन्न गोड लागेना. तवा घाईघाईत कार्ड टाकलं, "मुलीस कुरूप आहे. पंधरा दिवसांत बरे होईल. तोवर येऊ नये."

पायाला हा शब्द राहिला, दाजी.

सोमवारी सकाळी बापलेक दोघं दारात हजर. नाथाजींनी कार्ड माझ्यापुढं धरलं आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, पंधरा दिवसांत माणूस देखणं करायचं औषध कुठलं, तेवढं सांगा. आमच्यात बी लागतंय."

तेवढ्यात बनू पाण्याचा तांब्या घेऊन आली, लंगडत. नाथाजींनी तिच्या तोंडाकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं, मग पायाकडं, आणि त्यांचा चेहरा आणखीच पडला. मला वाटलं, संपलं सगळं.

जोतीराम म्हणाला, "आबा, कुरूप पायाला हाय."

मग तो जो बोलायला लागला! बरम्यात ओल्या बुटांनी जवानांचे पाय सडायचे, म्हणून त्यांचा सुभेदार बंदुकीबरोबर पायही रोज तपासायचा. पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, टाचांना तेल लावायचं. सूज उतरली की कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून कुरूप वजरीनं हळू घासायचं. ब्लेड न्हाई, बिब्बा तर न्हाईच. वहाण अशी घ्यायची की बोटं मोकळी पसरली पाहिजेत. सांगत होता मला, बघत होता माजघराच्या दाराकडं. आतून बनूनं विचारलं, पाय किती वेळ बुडवायचा? (मंडळींनी तिला चिमटा काढला, मला ऐकू आला.) तोवर नाथाजी आपल्या भेगा दाखवत बसलेले, आणि उसाला पाणी पाजून माझ्या बोटांत झालेल्या चिखल्या मीही पुढं केल्या. मुलगी बघायची राहिली बाजूला, आम्हा दोघा म्हाताऱ्यांचे पायच बघून झाले.

दुपारी सुपारी फुटली. दाजी, मी गोठ्यात जाऊन पोटभर रडलो. लय हलकं वाटलं.

आपला,
आकाराम

ता. क. लग्नाच्या सगळ्या चिठ्ठ्या तुम्ही लिहून द्याव्यात, त्यासाठीच हे पत्र. नाथाजींना मानपान नको, पोशाख नको. अट एकच, मुलीच्या बापानं टाक हातात धरायचा नाही.

ता. क. दुसरा. अट नाथाजींची नाही, बनूची आहे. नाथाजींनी नुसती मान हलवली.