शाल पाठवून द्या

१६ ऑगस्ट, संध्याकाळ. दारव्हा.

राग अजून उतरला नाही. धाकटा भाऊ रवी तीन दिवसांचा रेल्वेप्रवास करून काल सीमेवरून सुट्टीवर आला, आणि आज इथल्या मंडळाने त्याला सत्काराला नेऊन बसवलं. अध्यक्ष माइकवर सांगत होते, "आमचा जवान डोळ्यांत तेल घालून जागते!" आणि जवान खुर्चीतच झोपला. शाल खांद्यावरून घसरलेली. लोक हसले. हसले!

नंतर अध्यक्ष मला म्हणाले, "फौजीले असं शोभते काय?"

"काहून नाही शोभत? तिकडे सोळा-सोळा तास उभा राह्यते तो. झोप नाही येणार तं काय?"

"देशासाठी तास नसतात मोजत, ताई."

चारचौघांत बोलायला नको होतं का मी? नाही, बोलायलाच हवं होतं. मी लोहारा गावच्या कारखान्यात कामाला आहे; तिथं आठ तासांपेक्षा जास्त थांबले तर मला ओव्हरटाइम मिळतो. त्याला काय? शाल!

आता तीच शाल पांघरून तो बुटांसकट झोपलाय.

मघाशी यवतमाळच्या एका मंडळाचा फोन आला. उद्या त्यांच्याकडे सत्कार म्हणे. मी सांगून टाकलं, "शाल पाठवून द्या. माणूस नाही भेटणार."